आधी मोजा, मग बदला : जुन्या गाड्यांच्या तक्रारींना उत्तरं

या महिन्याची पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी समोर येत होती. गाडी पंधरा-वीस-तीस वर्षांची, तक्रार अगदी साधी, आणि पत्र माझ्या हातात पडेपर्यंत दोन-चार नवे पार्ट बसवून झालेले. पैसे गेले, तक्रार जिथल्या तिथे. मग घरचे म्हणतात, "काढून टाका ही गाडी."

साताऱ्यात माझं छोटं गॅरेज आहे, मूळ काम ऑटो इलेक्ट्रिशियनचं. जुन्या गाड्यांवर माझं मनापासून प्रेम आहे. चांगल्या अवस्थेतली गाडी नुसत्या अंदाजपंचे दुरुस्तीमुळे भंगारात जाताना पाहिली की वाईट वाटतं. म्हणून उत्तरं देण्याआधी एकच विनंती. चार-पाचशे रुपयांचा साधा मल्टिमीटर घ्या आणि एक टेस्ट लॅम्प बनवून घ्या. बारा व्होल्टचा बल्ब, दोन वायरी, एका टोकाला क्लिप आणि दुसऱ्याला टोकदार सळई, एवढंच त्याला लागतं. खालच्या काही उत्तरांत मल्टिमीटर लागणारच आहे.

प्रश्न : माझी झेन १९९७ ची, कार्बोरेटरवाली. रविवारी फिरवून लावली की गुरुवारी सेल्फ फिरतच नाही. दोन वर्षांत ही दुसरी बॅटरी. आता गॅरेजवाले म्हणतात अल्टरनेटर बदला. पण गाडी चालू असताना बॅटरीचा लाल दिवा लागत नाही आणि रोज वापरली तर काहीच त्रास नसतो. काय करावं?
(बँक कर्मचारी, कराड)

उत्तर : रोज वापरली तर त्रास नाही, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ. अल्टरनेटर म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारं यंत्र. त्याने चार्जिंग होत नसतं तर रोज वापरतानाच गाडीने दगा दिला असता. बॅटरी बदलूनही चौथ्या दिवशी तीच गत होते आहे. म्हणजे गाडी उभी असताना कुठेतरी करंट गळतो आहे.

हिशोब करून बघा. या गाडीत साधारण ३५ अँपियर-अवरची, म्हणजे एक अँपियर ३५ तास पुरेल अशी बॅटरी असते. पाव अँपियर म्हणजे २५० मिलीअँपियर जरी सतत जात असले तरी चार दिवसांच्या ९६ तासांत २४ अँपियर-अवर संपतात. उरलेल्या तिसऱ्या हिश्श्यात सेल्फ फिरत नाही. तुमचा रविवार ते गुरुवार इथे बरोबर जुळतो.

आधी बॅटरी आणि चार्जिंग तपासून घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी टर्मिनलवर व्होल्ट मोजा. १२.६ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग इंजिन चालू करून पुन्हा मोजा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा आला तर चार्जिंग ठीक आहे.

आता गळती. किल्ली काढा, दारं लावा, बोनेट उघडं ठेवा. मल्टिमीटरची लाल पिन १० अँपियरच्या भोकात घाला. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि मीटरचं एक टोक त्या वायरीला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटाला लावा. आता गाडीत जाणारा सगळा करंट मीटरमधून जातोय. या अवस्थेत चुकूनही सेल्फ मारू नका आणि हेडलाइट लावू नका, मीटरचा फ्यूज उडेल. दोन-चार मिनिटं आकडा स्थिर होऊ द्या. घड्याळ आणि टेपची मेमरी मिळून २०-३० मिलीअँपियर जाणं स्वाभाविक आहे, ५० पर्यंत मी चालवून घेतो. त्याच्या वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येईल, त्या लाइनीवर चोर आहे. बऱ्याचदा नंतर बसवलेली म्युझिक सिस्टीम किंवा सेंट्रल लॉक निघतं, कारण बसवणाऱ्याने वायर किल्लीवरून न घेता थेट घेतलेली असते.

सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही तर? तिथे बहुतेक जण हात टेकतात. अल्टरनेटरची जाड वायर या छोट्या फ्यूजांमधून जात नाही. अल्टरनेटरच्या आत डायोड असतात. ते करंट एकाच दिशेला जाऊ देतात. त्यातला एक डायोड कच्चा झाला की गाडी चालू असताना चार्जिंग दिसायला चांगलं असतं, पण गाडी बंद केली की बॅटरीतला करंट उलटा अल्टरनेटरमध्ये शिरतो. रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर पहाटे हाताला किंचित कोमट लागला तर दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. बाकी इंजिन थंडगार आणि तेवढाच भाग ऊबदार, असं मी स्वतः हात लावून अनुभवलं आहे. गळती कमी असेल तर ऊब जाणवणार नाही. अशा वेळी बॅटरीची निगेटिव्ह सोडून मग अल्टरनेटरची जाड वायर काढा, तिच्या टोकाला टेप गुंडाळा आणि पुन्हा मोजा. आकडा उतरला तर दोष सापडला.

म्हणजे तुमचे गॅरेजवाले कदाचित बरोबर पार्टाचं नाव घेताहेत, पण न मोजता. दोष डायोडचा निघाला तरी अख्खा अल्टरनेटर घ्यायची गरज नाही. डायोड प्लेट वेगळी मिळते, चांगला इलेक्ट्रिशियन अर्ध्या दिवसात बदलून देतो.

आणि हे लक्षात ठेवा की ३० मिलीअँपियरची रास्त गळतीसुद्धा महिन्याभरात २० अँपियर-अवरच्या वर जाते. महिनाभर गावाला जाणार असाल तर निगेटिव्ह वायर काढून ठेवूनच जा.

प्रश्न : वडिलांची प्रीमियर पद्मिनी १९८९ ची आहे. सकाळी अर्ध्या सेल्फला चालू होते. पाऊण तास चालली की झटके देते आणि बंद पडते. अर्धा तास थांबलं की पुन्हा जणू काही झालंच नाही. उन्हाळ्यात कसारा घाटात हमखास. पेट्रोल पंप बदलला, कार्बोरेटरचं किट टाकलं, प्लग नवे. वडील ही गाडी विकायला तयार नाहीत आणि मलाही विकायची नाही.
(औषध दुकानदार, नाशिक)

उत्तर : विकू नका. १०८९ सीसीचं हे इंजिन घरच्या घरी समजून घेता येईल इतकं सरळ आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी गेल्या. शेवटची २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती आणि टॅक्सीसाठी २० वर्षांची मर्यादा असल्याने २०२३ च्या ऑक्टोबरात तीही उतरली. तेव्हापासून पार्टची मागणी घटली, त्यामुळे पार्ट शोधावे लागतात. पुण्याच्या नाना पेठेत चौकशी केलीत तर अजून बरंच काही हाती लागेल.

आता तक्रार. गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू. याला तीन-चार कारणं आहेत आणि घरी उभ्या गाडीत ती सापडत नाहीत. गाडी रस्त्यात बंद पडते तो क्षणच तपासणीचा असतो. म्हणून पुढच्या वेळी गाडीत एक जुना चांगला प्लग, स्क्रू ड्रायव्हर, सुती फडकं आणि पाण्याची बाटली ठेवा. बंद पडली की गाडी कडेला घ्या, इंडिकेटर लावा आणि चिडचिड न करता या क्रमाने बघा.

पहिलं, पेट्रोल टाकीचं झाकण उघडा. उघडताना हवा आत ओढल्याचा सूं असा आवाज आला आणि मग गाडी लगेच चालू झाली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. पेट्रोल संपत जातं तशी टाकीत हवा यायला हवी. ती आली नाही तर पंप कितीही नवा असो, ओढून ओढून किती ओढणार? पाऊण तासाने बंद पडणं या दोषाला फार शोभतं. खर्च शून्य, म्हणून आधी हेच.

दुसरं, ठिणगी. एका सिलिंडरची प्लगची वायर काढून त्यात जवळचा जुना प्लग खोचा. प्लगचा लोखंडी भाग इंजिनच्या धातूला नीट टेकवून ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. प्लग हातात धरू नका, जबर झटका बसतो. जवळपास पेट्रोल सांडलेलं नाही ना हेही बघून घ्या. कडक निळी ठिणगी हवी. ठिणगी नाही किंवा पिवळट, मरतुकडी आहे, तर दोष कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) किंवा कंडेन्सरचा (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा छोटा पार्ट). डेल्कोचं, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून सेल्फ मारायला लावा आणि आतल्या उघडझाप करणाऱ्या पॉइंटकडे बघा. पॉइंट उघडताना तिथेच मोठी ठिणगी उडत असेल आणि पॉइंटची तोंडं काळी-निळी झाली असतील, तर कंडेन्सर गेला समजा. गार असताना तो बरा वागतो, तापला की आतून फुटतो. हा पार्ट अगदी स्वस्त आहे आणि तुम्ही बदललेल्या यादीत तो नाही, म्हणून माझा पहिला संशय त्याच्यावरच आहे. कॉइलही तापल्यावर अशीच दगा देते. माहितीतल्या कुणाची चालती कॉइल तासभर लावून घाट चढून बघितली तर खात्री होईल. इग्निशन चालू ठेवून गप्पा मारत उभे राहू नका. पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल विनाकारण तापते.

तिसरं, ठिणगी झकास असेल तर पेट्रोल. इग्निशन बंद ठेवा, एअर फिल्टरचं झाकण काढा, चोकची पाकळी उघडी धरून अ‍ॅक्सिलरेटर दाबा. आत पेट्रोलची बारीक धार पडली पाहिजे. पडली नाही तर कार्बोरेटरची (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाची) वाटी रिकामी आहे. मग फडकं ओलं करून पेट्रोल पंपावर आणि पंपापासून कार्बोरेटरपर्यंतच्या नळीवर गुंडाळा. फक्त तेवढ्याच भागावर, तापलेल्या इंजिनवर पाणी ओतू नका. अर्ध्या तासाऐवजी पाच-सात मिनिटांत गाडी चालू झाली तर पेट्रोलची नळीतच वाफ होतेय. पंप द्रव ढकलू शकतो, वाफ नाही. यावर उपाय म्हणजे नळी एक्झॉस्टपासून लांब घेणं आणि पंप व इंजिन यांच्यामधला जाड उष्णतारोधक पॅकिंगचा तुकडा परत बसवणं. पंप बदलताना हा तुकडा जुन्या पंपाबरोबर टाकून दिला जातो, तुमच्याकडे तेच झालंय का ते बघा.

एक गोष्ट सगळ्याच जुन्या गाडीवाल्यांसाठी. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. १९८९ सालच्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. त्या आतून फुगतात, मऊ पडतात, त्यांचे कण फिल्टरमध्ये अडकतात. इथेनॉल हवेतलं पाणीही शोषतं. गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर कार्बोरेटरच्या आत पांढरी भुकटी धरते. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या एकदाच, इथेनॉल चालेल अशा दर्जाच्या घेऊन बदला, आणि दर पंधरा दिवसांनी गाडी फिरवून टाकीतलं पेट्रोल वापरत राहा. इंजिनवर पेट्रोल ठिबकत असेल तर बाकी सगळं सोडून आधी ते बंद करा. त्यात आगीचा धोका आहे.

प्रश्न : काका, आजोबांची मारुती ८००, १९९८ ची, आता मी कॉलेजला नेते. किल्ली फिरवली की नुसतं "टक्" होतं. चार-पाच वेळा मारलं की कधीतरी फिरते. बॅटरी नवी आहे. सेल्फ पण उघडून नवीन ब्रश टाकले. परवा तर अ‍ॅक्सिलरेटर एकदम जड झाला आणि बोनेटजवळ जळका वास आला. बाबा म्हणतात गाडी आता बंद करू.
(विद्यार्थिनी, सोलापूर)

उत्तर : ताई, तू जळका वास आणि जड अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही लिहिलंस हे फार बरं केलंस. तेवढ्यावरून दोष जवळजवळ हातात आला. पण उत्तर वाचल्यावर दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवू नकोस.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून वेगळं. सेल्फला जाणारा करंट बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून जातो आणि परत यायला त्याला इंजिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत जाड अर्थिंगची वायर लागते. ती सडली, तुटली किंवा तिचा बोल्ट गंजला की करंट दुसरी वाट शोधतो. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी दुसरी धातूची वस्तू म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरची नाहीतर चोकची केबल! सेल्फला शंभर अँपियरच्या आसपास करंट लागतो. एवढा करंट त्या बारीक तारेतून गेला की ती तापते, आतलं प्लास्टिकचं आवरण वितळतं आणि तार त्यात चिकटते. अ‍ॅक्सिलरेटर जड झाला तो यामुळे. चालत्या गाडीत तो दाबलेल्या अवस्थेत अडकला तर काय होईल याचा विचार कर, म्हणून गाडी चालवू नको म्हटलं.

खात्री अशी कर. मीटर २० व्होल्टवर ठेव. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटाला, वायरच्या क्लॅम्पला नव्हे, खुद्द शिशाच्या खुंटाला. दुसरं टोक इंजिनच्या स्वच्छ धातूला. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि बाबांना सेल्फ मारायला सांग, दोन सेकंदच. आकडा ०.३ व्होल्टच्या आत राहिला पाहिजे. एक-दोन व्होल्ट दाखवले तर अर्थिंग गेलं. तसंच पॉझिटिव्ह खुंट ते सेल्फचा मोठा बोल्ट असंही मोज, तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर नको.

तुमच्या इलेक्ट्रिशियनने कदाचित ही वायर मीटरच्या ओहमवर तपासून "बरोबर आहे" म्हटलं असेल. ०.०२ ओहम इतका अडथळा साध्या मीटरला दिसत नाही. पण त्यातून १०० अँपियर जायला लागले की २ व्होल्ट तिथेच खर्च होतात. म्हणून वायर काम करत असतानाच मोजायची.

दुरुस्ती सोपी आहे. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढायची आणि शेवटी लावायची, हा नियम मोडायचा नाही. अर्थिंगची नवी जाड वायर घ्या, इंजिन आणि बॉडीच्या जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, बोल्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा. अ‍ॅक्सिलरेटरची केबल मात्र नवीच टाका, ती साफ करून परत वापरू नका. हे सगळं नव्या सेल्फच्या मानाने अगदी किरकोळ खर्चात होतं. आजोबांची गाडी बंद करायचं काहीच कारण नाही.

प्रश्न : सँट्रो २००४. गावात आणि हायवेला काटा मध्यावर. आंबा घाट चढताना, विशेषतः ट्रकच्या मागे अडकलं की काटा वर जातो. मेकॅनिकने थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाकला, तरी फरक नाही. उलट अ‍ॅव्हरेज कमी झालं. आमच्याकडे बोअरचं पाणी, तेच रेडिएटरमध्ये घालतो.
(शेतकरी, शाहूवाडी तालुका)

उत्तर : हळू चालताना गरम आणि वेगात बरी, तर आधी पंखा बघायचा. वेगात गेल्यावर गरम आणि हळू बरी, तर रेडिएटर किंवा पाण्याचं फिरणं बघायचं. वेगात हवा समोरून आपोआप येते, ट्रकच्या मागे ती फक्त पंखाच आणतो. तुमच्या गाडीत संशय पंख्यावर.

गाडी सपाट जागी उभी करून इंजिन चालू ठेवा. काटा मध्याच्या थोडा वर गेला की रेडिएटरचा पंखा आवाज करत सुरू झाला पाहिजे. होत नसेल तर पंख्याचं कनेक्टर काढून त्याला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्या. फिरला तर मोटर ठीक, मग फ्यूज, रिले (छोट्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) किंवा सेन्सर बघा. फिरला पण सुस्त, तर मोटरचे ब्रश झिजलेत. सुस्त पंखा डोळ्यांना फिरताना दिसतो म्हणून सगळे फसतात. त्याच्यासमोर कागद धरा. तो रेडिएटरला ओढून चिकटवत नसेल तर पंखा कामाचा नाही.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह. तो काढून टाकायची पद्धत आपल्याकडे फार आहे आणि मला ती अजिबात पटत नाही. इंजिनला काम करायला ८०-९० अंशांची ऊब लागते. थर्मोस्टॅट नसला की ते बराच वेळ गारच राहतं. इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून थंड आहे, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडतो. अ‍ॅव्हरेज त्यामुळे पडलं. नवा थर्मोस्टॅट बसवा. बसवण्याआधी पातेल्यात गरम पाण्यात टाकून बघा, पाणी उकळायच्या आत त्याचं तोंड उघडलं पाहिजे.

बोअरचं पाणी आजपासून बंद. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात. रेडिएटर उघडून साफ करून घ्या आणि कूलंट व डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरा. रेडिएटरची टोपीही नवी घ्या. ती नुसतं झाकण नाही. ती आत दाब धरते आणि त्या दाबामुळे पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. टोपीचं रबर गेलं की घाटात उकळी लवकर येते.

एवढं करूनही गरम झाली तर थंड इंजिनची टोपी काढून गाडी चालू करा आणि आत बघा. सतत बुडबुडे येत असतील किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर हेड गॅस्केटची (इंजिनच्या हेडखालच्या पॅकिंगची) तपासणी करावी लागेल. तोपर्यंत घाटात काटा चढू लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा जोरात. आत उकडेल, पण इंजिनची बरीच उष्णता बाहेर पडेल. काटा लाल रेषेला टेकला तर थांबा. गरम टोपी उघडू नका. उकळत्या पाण्याने चेहरा भाजलेली माणसं मी पाहिली आहेत.

प्रश्न : वॅगन आर, २००६. पावसाळ्यात ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली पाणी साचतं. काचेची रबरं दोनदा बदलली.
(शिक्षिका, चिपळूण)

उत्तर : ओल्या गालिच्याला बोट लावून बघा. चिकट लागलं आणि गोडसर वास आला तर ते कूलंट, म्हणजे हीटरची जाळी गळतेय. स्वच्छ पाणी असेल तर समोरच्या काचेखाली, वायपरजवळची जाळी काढून बघा. गाडी आंब्या-फणसाखाली उभी असेल तर तिथे कुजलेल्या पानांचा थर सापडेल आणि पाणी जायची भोकं बुजलेली असतील. दारांच्या खालच्या कडेलाही अशी भोकं असतात, तीही तारेने मोकळी करा. एसी लावल्यावरच पाणी येत असेल तर एसीची ड्रेनची नळी तुंबलीय. मग गालिचा पूर्ण बाहेर काढून उन्हात वाळवा आणि खालचा पत्रा तपासा. कोकणात गंज वरून दिसेपर्यंत खालून पत्रा खाऊन टाकतो.

प्रश्न : अ‍ॅम्बेसेडर १९९४. हेडलाइट इतके मंद की रात्री गाडी काढायची भीती वाटते. शंभर वॉटचे बल्ब टाकू का?
(निवृत्त एसटी चालक, नांदेड)

उत्तर : साहेब, टाकू नका. एक तर ते कायद्यात बसत नाहीत, आणि मंद प्रकाशाचं कारण बल्ब नसून वायर आहे. जुन्या वायरीवर आणखी भार टाकलात तर स्विच वितळेल.

इंजिन चालू ठेवून डिपर (खालचा झोत) लावा आणि बॅटरीवर व्होल्ट मोजा, मग बल्बच्या कनेक्टरवर मोजा. बॅटरीवर १३.५ आणि बल्बवर ११.५ असं काहीतरी येईल, अशी माझी खात्री आहे. व्होल्टेज १० टक्के पडलं की हॅलोजनचा प्रकाश ३० टक्क्यांच्या आसपास कमी होतो. हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून, डिपरच्या स्विचमधून, लांबच्या लांब वायरीतून फिरून येतो. दोन ५५ वॉटचे बल्ब म्हणजे आठ-नऊ अँपियर.

दोन रिले बसवून घ्या, एक डिपरला आणि एक अप्परला (लांबच्या झोताला). ३० नंबरच्या पिनला बॅटरीवरून १५ अँपियरच्या फ्यूजमधून अडीच स्क्वेअर एमएमची वायर, ८७ वरून बल्बला, जुन्या हेडलाइटची वायर ८६ ला आणि ८५ ला अर्थिंग. आता जुन्या स्विचला फक्त रिले चालवायचा आहे, त्याचं आयुष्यही वाढेल. बल्बचं अर्थिंग बॉडीच्या गंजक्या स्क्रूवर ठेवू नका, नवी वायर ओढा. रिफ्लेक्टरची चकाकी गेली असेल तर मात्र रिले काही करू शकणार नाही. हे सात इंची गोल दिवे अजून सहज मिळतात, जोडी बदला. आयुष्यभर तुम्ही रात्री-अपरात्री लोकांना घरी पोहोचवलंत, तुमच्या स्वतःच्या गाडीला उजेड असलाच पाहिजे.

प्रश्न : मारुती ओम्नी २००२. सिग्नलला ब्रेक दाबून उभं राहिलं की पेडल हळूहळू खाली जातं. पंप केलं की परत वर येतं. ब्रेक ऑइल कमी झालेलं नाही. पुढच्या आठवड्यात गोव्याला जायचंय, तोवर चालेल का?
(छपाई व्यावसायिक, बेळगाव)

उत्तर : चालणार नाही. गोव्याला दुसऱ्या गाडीने जा.

ऑइल बाहेर गळत नाही आणि पेडल बसत जातं, याचा अर्थ बहुधा मास्टर सिलिंडरमधली (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या भागातली) रबरं झिजली आहेत आणि दाब आतल्या आतच निसटतोय. चारही चाकांच्या आतल्या बाजूला आणि पेडलच्या वर मास्टर सिलिंडरच्या मागे ओल आहे का तेवढं एकदा बघा. ती नसेल तर मास्टर सिलिंडर पूर्ण नवा घ्या. नुसतं रबरांचं किट टाकून घेऊ नका. वीस वर्षांच्या सिलिंडरच्या आत बारीक खड्डे पडलेले असतात आणि ते नवी रबरं काही महिन्यांत खातात. इतर बाबतीत मी पैसे वाचवायला सांगतो, इथे नाही.

त्याच वेळी ब्रेक ऑइल संपूर्ण बदला. ते हवेतली ओल शोषत राहतं. नवं डॉट ३ दर्जाचं ऑइल २०५ अंशांच्या वर उकळतं, ओल धरलेलं मात्र १४० च्या आसपासच उकळू शकतं. चोर्ला घाटासारख्या लांब उतारावर ब्रेक तापले की अशा जुन्या ऑइलची वाफ होते आणि पेडल मोकळं जातं. दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी चालो वा न चालो. ब्रेकच्या नळ्यांतली एअर (हवा) काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायला सांगा, आणि तोवर गाडी गॅरेजला टो करून न्या, चालवत नको.